हतनूरच्या पाण्यावर इलेक्ट्रिक मोटर : वर्षभर वापरल्यानंतर

सरळ सांगतो. ताशी सहा-सात किलोमीटरने होडी चालवायची तयारी असेल, तर तापीवरच्या हतनूर धरणासारख्या जलाशयावर इलेक्ट्रिक मोटर पुरते आणि चांगली पुरते. रोज त्याहून जास्त वेग हवा असेल, तर पेट्रोल मशीनच ठेवा. बाकी सगळं, म्हणजे बॅटरी, ऊन, खर्च आणि दुरुस्ती, या एका गोष्टीनंतर येतं.

माझी होडी २० फुटी, फायबरची, आठ माणसं आरामात बसतील अशी. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायला आणि एरवी मच्छीमार सोसायटीच्या कामाला ती लागते. आधी तिला ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक पेट्रोल मशीन होतं. मागच्या दिवाळीनंतर, धरणाचं पाणी निवळल्यावर, ते काढून ३ किलोवॅटची ४८ व्होल्टची मोटर लावली. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. ३.२ व्होल्टचे १६ सेल, एकूण ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. म्हणजे भरलेल्या बॅटरीत पाच युनिटपेक्षा थोडी जास्त वीज मावते.

घेण्याआधी प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : "किती हॉर्सपॉवर?" १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ३ किलोवॅट म्हणजे जेमतेम चार हॉर्सपॉवर. हे ऐकून सोसायटीतल्या नानांनी मान हलवली होती. पण आपल्यासारखी होडी पाण्यावर उडत नाही, पाणी बाजूला सारत चालते. अशा होडीला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या पटीत वाढते. वेग थोडा वाढवला की वीज दुपटीहून जास्त जाते. माझ्या मीटरवर पाच माणसं बसलेली असताना ताशी ६ किलोमीटरला सुमारे ७०० वॅट लागतात, ८ किलोमीटरला साडेसोळाशेच्या पुढे, आणि पूर्ण दांडा पिळला की ३ किलोवॅट खाऊन होडी साडेनऊवर अडकते. त्याच्या पुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि चढू शकत नाही. जुन्या मशीनवर मी जे जास्तीचं पेट्रोल जाळत होतो, त्यातलं बरंचसं ही लाट उठवण्यात जात होतं.

आता हेच आकडे अंतरात बघा. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून वापरायला चारच युनिट धरा. ताशी ६ किलोमीटरने साडेपाच तासांच्या पुढे, ३० किलोमीटरहून जास्त जाता येतं. ८ ने गेलात तर वीस किलोमीटरच्या आत. पूर्ण वेगाने सव्वा तासात सगळं संपतं आणि तुम्ही बारा-तेरा किलोमीटरवर असता. म्हणून दुकानदार "एका चार्जमध्ये इतके किलोमीटर" म्हणाला की पहिला प्रश्न करा : कोणत्या वेगाने, आणि किती माणसं बसवून? त्याचं उत्तर वॅटमध्ये मिळालं नाही तर दुसरं दुकान बघा.

केरळातली 'आदित्य' ही सौर फेरी याच हिशेबावर उभी आहे. जानेवारी २०१७ पासून ती वैकम ते तवनक्कडवू अशी ७५ प्रवासी घेऊन ये-जा करते. दोन मोटरी २०-२० किलोवॅटच्या आणि बॅटरी ५० युनिटची. इतक्या माणसांना एवढंच पुरतं, कारण तळ दोन अरुंद सांगाड्यांचा, अंतर थोडं आणि वेग संथ. आपल्याकडच्या रुंद, जड, सपाट तळाच्या नावेला तीच मोटर लावून तोच निकाल येणार नाही.

वाऱ्याचा अनुभव वेगळा सांगावा लागेल. फेब्रुवारीपर्यंत सकाळचं पाणी आरशासारखं असतं. मार्चनंतर दुपारी वारा सुटतो, आणि समोरून आला की त्याच वेगाला दीडपट वीज जाते. मी एक तृतीयांशचा नियम पाळतो : एक वाटा जायला, एक यायला, एक राखीव. मीटरवर पहिला वाटा संपला की जिथे असू तिथून होडी वळते, मग समोर फ्लेमिंगो असोत की आणखी काही. वल्ही होडीत कायम असतात.

आता उन्हाबद्दल, कारण खानदेशात घेणाऱ्याने हेच सगळ्यात नीट वाचावं. लिथियमच्या थंडीतल्या अडचणींवर बरीच माहिती मिळते, ती आपल्या कामाची नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. आयर्न फॉस्फेटचा सेल तापून पेट घेण्याच्या बाबतीत बाकीच्या लिथियम प्रकारांपेक्षा बराच सुरक्षित आहे, म्हणून तोच घ्यावा. पण उष्णतेने त्याचं आयुष्य कमी होतंच. आणि सेल तापले की बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारं सर्किट, चार्जिंग बंद करतं. एप्रिलअखेर दुपारी होडी लावून चार्जरला जोडली की दिवा लाल व्हायचा आणि तासभर काही घडायचं नाही. बिघाड नव्हता. बॅटरी फायबरच्या बंद कप्प्यात होती आणि तो कप्पा उन्हात भाजत होता.

उपाय साधे निघाले. कप्प्याला समोरासमोर जाळीच्या खिडक्या पाडल्या, झाकण पांढरं रंगवलं, झाकणावर ओलं गोणपाट टाकायला लागलो, आणि दुपारचं चार्जिंग सोडून पहाटे चार वाजता टायमरवर लावलं. पहाटेपर्यंत सेल निवतात. त्यानंतर लाल दिवा दिसला नाही. गोणपाटाचं पाणी टर्मिनलवर ठिबकणार नाही एवढं बघा. मोटर मात्र पाण्यातच असल्याने तिला उन्हाचा काही त्रास नाही.

छतावर ३३० वॅटची दोन सोलर पॅनल लावली आहेत. ती सावली देतात हा पहिला फायदा. वीज म्हणाल तर चांगल्या दिवशी दोन-अडीच युनिट, म्हणजे अर्धी बॅटरी. खानदेशातल्या उन्हात जास्त मिळेल असं वाटतं, पण पॅनल तापलं की त्याचं उत्पादन घटतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्का धरा. उन्हाळ्याच्या दुपारी पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं, तेव्हा सहावा हिस्सा असाच जातो. माझी जास्त वीज जानेवारी-फेब्रुवारीच्या स्वच्छ थंड दिवसांत जमा झाली.

जाळं आणि गाळ. हतनूरला गाळ किती आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कालपर्यंत खोल असलेल्या जागी पंखा चिखल घुसळतो. मोटर तिरकी करून चालवता येते का, हे घेण्याआधी बघा. त्याहून मोठा त्रास तुटलेल्या नायलॉन जाळ्यांचा. पेट्रोल मशीनच्या पंख्यात जाळं गेलं की मशीन बंद पडतं. इलेक्ट्रिक मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर लावते, त्यामुळे ती जाळं आवळत जाते आणि मगच कंट्रोलर तिची वीज तोडतो. तोपर्यंत तंगूस पंख्यामागच्या दांड्यावर घट्ट बसलेला असतो. तो तसाच राहिला तर ऑइल सील कापतो आणि पाणी आत शिरतं. म्हणून जाळ्यांच्या भागातून आलं की पंखा काढून मागे बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे. जादा पंखा, पिन आणि पाना होडीतच ठेवा. आपलं पाणी गोडं असल्याने कोकणातल्या लोकांना जो गंजाचा त्रास होतो तो इथे जवळपास नाही. मोटरवरचा झिजणारा धातूचा तुकडा मात्र गोड्या पाण्यासाठीचा, मॅग्नेशियमचा मागून घ्या. जस्ताचा समुद्रासाठी असतो.

बिघाड एकच आला. मोटरच्या मुख्य केबलचं कनेक्टर सैल बसलेलं होतं, ते तापून वितळायला लागलं. ४८ व्होल्टला ३ किलोवॅट म्हणजे साठहून जास्त अँपिअर. एवढ्या करंटला सैल जोड चालत नाही. विकणाऱ्याने सुटा भाग पाठवायला इतके दिवस लावले की डिसेंबरातला ऐन हंगाम अर्धा वल्ह्यावर काढला. भुसावळच्या एका वाइंडिंगवाल्या भाऊंनी तांब्याचे जाड लग दाबून जोड पक्का करून दिला, तो आजही तसाच आहे. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला बंद-दोरी, म्हणजे ओढली गेली की मोटर बंद करणारी दोरी, हवीच. मोटर, बॅटरी, चार्जर मिळून साडेतीन लाखांच्या वर गेले. नवं पेट्रोल मशीन घेतलं असतं तर त्यापेक्षा दोनेक लाख कमी लागले असते. पेट्रोल आणि ऑइलचे तासाला दीडशे ते दोनशे रुपये वाचतात, चार्जिंगचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. म्हणजे फरक भरून निघायला हजार ते तेराशे तास लागतील. ज्याची होडी महिन्यातून दोनदाच निघते, त्याला पैशाच्या हिशेबाने हे परवडणार नाही.

मी मात्र पैशासाठी बदललं नव्हतं. जुनं कार्बुरेटरचं टू-स्ट्रोक मशीन टाकीतल्या पेट्रोल-ऑइलचा पाव हिस्सा तरी न जाळताच बाहेर टाकतं, आणि या मशीनचा धूर पाण्यातच सोडलेला असतो. मागे जो रंगीत तवंग पसरतो तो हाच. हे तापी आणि पूर्णेचं पाणी. चांगदेवच्या संगमापासून पुढे धरणात साठतं आणि किती गावांच्या नळाला जातं. ते ऑइल आता माझ्या होडीतून पडत नाही, आणि याचं मला मनापासून समाधान आहे. वीज कुठून येते हेही मला माहीत आहे. दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी आमच्यापासून लांब नाही, आणि तिथे कोळसाच जळतो. धूर पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही, पाण्यातला गेला.

आवाजाबद्दल अमळनेरहून आलेल्या एका काकांचं वाक्य लिहून ठेवलंय : "मशीन चालू शे का बंद शे, काईच समजत नई." पूर्वी चांदव्यांचा थवा लांबूनच पाण्यावर पळत सुटायचा. आता ते चरत राहतात, चक्रवाक मान वर करून बघतात आणि पुन्हा पाठीत चोच खुपसतात. पट्टकदंब मात्र तितकेच सावध आहेत. पाहुण्यांना मी एकच विनंती करतो की आवाज नाही म्हणून अगदी जवळ जायचा आग्रह धरू नका, पक्ष्यांना विसावा हवा असतो. या शांततेची काळजीची बाजूही आहे. पहाटे धुक्यात थर्माकोलवर बसून जाळं काढणाऱ्या भोई बांधवांना होडी आल्याचं कळत नाही. म्हणून मी पुढे दिवा लावतो आणि दर थोड्या वेळाने शिट्टी देतो.

पावसाळ्यात होडी काठावर असते. धरणाचे ४१ दरवाजे उघडायला लागले की त्या ओढीत ३ किलोवॅटच काय, जुनं मशीनही न्यायचं धाडस कोणी करू नये. ते महिने बॅटरी अर्धी भरून घरात कोरड्या जागी ठेवली. बाहेर काढली तेव्हा जवळपास तेवढीच होती.

नंदुरबारकडे, धडगावच्या बाजूला, माझ्या मामांचा मुलगा सरदार सरोवराच्या फुगवट्यात डिझेलची मोठी नाव चालवतो. ती हायब्रिड, म्हणजे डिझेल आणि वीज दोन्हींवर चालणारी, करावी का असं त्याने विचारलं. एका प्रकारात डिझेल फक्त जनरेटर फिरवतं आणि पंखा कायम मोटरवर असतो. दुसऱ्यात इंजिन आणि मोटर एकाच दांड्याला जोडलेले असतात आणि गरजेप्रमाणे वापरता येतात. कोची वॉटर मेट्रोच्या बोटी बॅटरीवर चालतात आणि जोडीला जनरेटर बाळगतात. तिथे दर थोड्या अंतरावर धक्का आहे आणि लवकर चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या आहेत, म्हणून ते जमतं. हायब्रिडचा फायदा कामात चढउतार असेल तर होतो : थोडं जोरात, थोडं हळू, बराच वेळ थांबून. डिझेल इंजिन हलक्या भारावर वाईट चालतं, ते काम मोटर उचलते. पण दादाची नाव एकदा निघाली की तासन् तास एकाच भाराने जाते. अशा वेळी डिझेलची ताकद आधी विजेत, मग बॅटरीत, मग पुन्हा पंख्यात नेताना दहा-वीस टक्के वाटेतच जाते. त्यापेक्षा इंजिन थेट पंख्याला जोडलेलं बरं. मी त्याला मोठ्या नावेचं डिझेल इंजिन नीट ओव्हरहॉल करून घे, हायब्रिडचे पैसे घालू नको, असं सांगितलं.

त्याच्याकडे दोन पाड्यांमध्ये ये-जा करणारी एक लहान होडी आहे. शाळेची मुलं, धान्याची पोती, कधी दवाखान्यात न्यायचं माणूस. अंतर थोडं, वेग संथ, दोन फेऱ्यांमध्ये थांबा. तिच्यासाठी मोटर योग्य आहे असं माझं मत आहे, पण पाड्यावर वीज रोज किती तास असते आणि भरलेल्या होडीला किती वॅट लागतात हे आधी मोजायला हवं. दिवाळीनंतर माझीच मोटर, बॅटरी आणि मीटर गाडीत टाकून तिकडे नेणार आहे. आठवडाभर त्या होडीला लावून आकडे घेऊ, मग दादा ठरवेल.