साठीनंतर लॅटिन: एकाच भाषेत मुरायचं की सगळ्या कुळात हिंडायचं?

कॉलेजात लॅटिन किंवा संस्कृत केलं, मग नोकरीत ते मागे पडलं, आणि निवृत्तीनंतर पुन्हा हात घालायचाय. अशा माणसासमोर दोन वाटा असतात. एकतर लॅटिनच धरायचं आणि मूळ ग्रंथ वाचता येईल इतकं पक्कं करायचं. नाहीतर लॅटिन, ग्रीक, वैदिक, हित्ती (आजच्या तुर्कस्तानातली एक प्राचीन भाषा) या भाषा शेजारी मांडून त्यांच्या मुळाशी जाणारं तुलनात्मक भारोपीय, म्हणजे भारत-युरोपातल्या या भाषाकुळाचं, व्याकरण करायचं. नावं एका दमात घेतली जातात, पण रोजचं काम अगदी वेगळं.

लॅटिन म्हणजे रियाज. शब्द चालवा, धातू चालवा, वाचत सुटा. संस्कृतची तीन वचनं आणि आठ विभक्त्या घोकलेल्यांना इथे दोनच वचनं आणि सहा विभक्त्या भेटतात, तेवढंच हायसं वाटतं. पुस्तकं दोन प्रकारची. व्हीलॉकचं (१९५६) ४० धड्यांचं, महायुद्धावरून परतलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता घडलेलं: नियम आधी, वाक्यं मग. अर्बर्गच्या 'फॅमिलिया रोमाना'त ३५ प्रकरणं. 'रोमा इन इतालिया एस्त' या पहिल्या वाक्यापासून सगळं लॅटिनमध्ये, अर्थसुद्धा पानाच्या कडेच्या चित्रांतून नाहीतर लॅटिनमधूनच. पाठांतर होत नसेल तर अर्बर्गच घ्या, तेच शब्द पुन्हापुन्हा समोर येत राहतात. संस्कृत व्याकरणाची सवय असलेल्यांची मात्र त्यात चिडचिड होते, कारण नियम फार उशिरा हाती लागतो. त्यांनी व्हीलॉक शेजारी ठेवावं. पोहोचायचं कुठे, तर रोमन वक्ता सिसेरो याच्या वार्धक्यावरच्या छोट्या संवादापर्यंत. तो लिहिताना सिसेरो ६२ वर्षांचा होता, आणि त्यातला ८४ वर्षांचा कॅटो आपण ग्रीक म्हातारपणी शिकलो असं सांगतो.

तुलनात्मक व्याकरणात पाठांतर कमी, कोडी जास्त. लॅटिन 'गेनुस' म्हणजे कूळ. त्याची षष्ठी 'गेनेरिस'. हा र आला कुठून? लॅटिनचं पुस्तक सांगणार, पाठ करा. वैदिक 'जनस्' मनस्सारखं चालवून बघा: षष्ठी 'जनसः', स जागच्या जागी. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या स चा लॅटिनने र केला, एवढीच गोष्ट. मग 'कॉर्पुस-कॉर्पोरिस', 'तेम्पुस-तेम्पोरिस' ही सगळी रांग आपोआप सुटते. स्वरांच्या बाबतीत पारडं उलटतं: मूळचे ए, ओ, अ हे तिन्ही ऱ्हस्व स्वर संस्कृतने एका अ मध्ये कोंबले, लॅटिनने बऱ्यापैकी वेगळे ठेवले.

जुन्या वळणाच्या पुस्तकांवर भाषाशास्त्र केलेल्यांना आता एच-वन, एच-टू, एच-थ्री या, मूळ भाषेतल्या हरवलेल्या ध्वनींच्या चिन्हांची सवय करावी लागते. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने १८७९ मध्ये असे काही ध्वनी निव्वळ तर्काने मांडले होते. ह्रोझ्नीने १९१५ मध्ये हित्ती उलगडली आणि १९२७ मध्ये कुरिलोविचने त्यांतल्या काहींचा माग तिच्या ह मध्ये दाखवला. 'पितृ'मधली इ आणि लॅटिन 'पतेर'मधला अ, दोन्ही एकाच एच-टूची लेकरं. हा भाग मला कुठल्याही रहस्यकथेपेक्षा आवडतो.

पण एक अडचण आहे. दोन तरी प्राचीन भाषा वाचता येत नसतील, तर इथली कोष्टकं निमूट मान्य करण्यापलीकडे काही उरत नाही; उदाहरण पटलं की नाही, हे ठरवणार कशाच्या जोरावर? म्हणून संस्कृत शाबूत असेल तर आधी वर्षभर लॅटिन, मग तुलना. दोन्ही शाबूत असतील तर थेट तुलनेत शिरा. संस्कृतही विसरलं असेल तर एकच भाषा धरा. मराठी वाचकाला खरं तर संस्कृतच सोपं पडेल, पण मन लॅटिनवर असेल तर लॅटिन.

खर्चाचं म्हणाल तर टेक्सास विद्यापीठाचे प्राचीन भारोपीय भाषांचे धडे ऑनलाइन फुकट आहेत, आणि लुईस-शॉर्टचा लॅटिन कोश 'पर्सियस' या संकेतस्थळावर तसाच मिळतो. महागडे व्युत्पत्तिकोश पहिल्या वर्षी घेऊ नका.