स्टायर एलपी १०: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

नाशिकमध्ये राहून प्रॅक्टिकल शूटिंग (पळत, घड्याळावर नेम साधायचा खेळ) सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न पिस्तुलाचा नसतो, कायद्याचा असतो. या खेळात जगभर सर्रास चालणारं ९ एमएम पिस्तूल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) मोडतं आणि सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. त्यामुळे ९ एमएममधलं सीझेड शॅडो २ घ्यावं की ग्लॉक ३४, ही चर्चा आपल्यासाठी वाचण्यापुरतीच उरते. आपल्या हातात खरोखर येऊ शकतं ते १० मीटरचं मॅच एअर पिस्तूल. बोअर ०.१७७ इंच आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असली की शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही, आणि मॅच पिस्तुलाची ऊर्जा पाच-सहा ज्यूलच असते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी स्टायरचं एलपी १० घेतलं, मेकॅनिकल ट्रिगरचं, सेकंडहँड. आता मे संपत आलाय. पहिलं पिस्तूल शोधणाऱ्या माझ्यासारख्या चाळिशीतल्या आणि लहान हातांच्या नेमबाजांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी ‘प्रॅक्टिकल’बद्दल. माझा धाकटा भाऊ दुबईला असतो आणि तिथे आयपीएससीच्या, म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंगच्या जागतिक संघटनेच्या, प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये (फारसे फेरफार न केलेल्या पिस्तुलांच्या गटात) खेळतो. त्याच्या खेळात गुणांना वेळेने भागतात, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. दोन हातांची पकड, होल्स्टरमधून पिस्तूल काढणं, पळत जागा बदलणं, मॅगझिन बदलणं, सगळं घड्याळावर. माझ्याकडे एक हात, एक जागा आणि ७५ मिनिटांत ६० शॉट. तरीही “ताई, तू दहा मीटरच कर” असं मला त्यानेच सांगितलं. ट्रिगर ओढताना मनगटाला बसणारा हिसका त्याच्याकडे रिकॉइलमध्ये, म्हणजे गोळी सुटल्याच्या धक्क्यात, लपून जातो. एअर पिस्तुलात तो लगेच कागदावर उमटतो. वेग नंतर शिकता येतो. साइट (नळीवरच्या नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) न हलवता ट्रिगर ओढणं मात्र आधी शिकावं लागतं, आणि ते शिकायला यापेक्षा स्वस्त आणि कायदेशीर वाट आपल्याकडे नाही.

निवड करताना माझ्यासमोर मोरिनीचं सीएम १६२ ईआय, वॉल्थरचं एलपी ५००, पार्दिनीचं के १२ आणि हे एलपी १० होतं. सगळी दोनशे बार दाबाच्या हवेवर चालणारी, सगळी ऑलिंपिकच्या दर्जाची. नवीन घ्यायचं तर हिशेब दीड लाखाच्या पुढे जातो. एक गोष्ट ठामपणे सांगते: नवशिक्याच्या हातात या चौघांच्या बॅरलमधला फरक कधीच दिसणार नाही. दिसेल तो ग्रिपचा, म्हणजे मुठीचा, आणि ट्रिगरचा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मी विचार करून टाळला. तो फार स्वच्छ सुटतो आणि ड्राय फायर (छर्रा न घालता ट्रिगरचा सराव) करताना दर वेळी कॉक करावं, म्हणजे ट्रिगर पुन्हा चढवावा, लागत नाही, हे दोन्ही फायदे मोठे आहेत. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल मधेच बिघडलं, दुरुस्तीत अमूल्य मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती १२वी राहिली आणि फायनल दोन गुणांनी हुकली. त्याच मनूने पॅरिसमध्ये त्याच प्रकारात ब्राँझ जिंकलं, तेव्हा दोष तंत्रज्ञानाला द्यायचं कारण नाही. माझं कारण साधं आहे: नाशिकमध्ये या पिस्तुलांचं सर्व्हिस सेंटर माझ्या हाताशी नाही. सर्किट गेलं तर पिस्तूल कुरिअरने बाहेरगावी जाणार आणि सराव थांबणार. मेकॅनिकल ट्रिगरचे स्क्रू ॲलन कीने मी स्वतः फिरवू शकते.

आता ग्रिप. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण या काही महिन्यांत माझे गुण ज्या एका गोष्टीमुळे वाढले ती हीच. पिस्तूल आलं तेव्हा ग्रिप एम मापाची होती आणि माझा हात एस मापाचा. तळव्यात डाव्या बाजूला पोकळी राहायची, बोट ट्रिगरवर तिरकं पडायचं आणि शॉट ठरल्यासारखे डावीकडे खाली जायचे. असं झालं की लोक साइट फिरवतात. आमच्या रेंजवरच्या सरांनी साइटला हात लावू दिला नाही. डोळे मिटून हात उचलायचा, टार्गेटच्या दिशेने धरायचा, मग डोळे उघडून बघायचं: पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेच्या मधोमध आली का? माझी दर वेळी एका बाजूला सरकलेली असायची. ग्रिप चुकीची बसलीय हे यावरून कळतं, आणि मनगट वळवून ते दुरुस्त करायला गेलं तर साठाव्या शॉटपर्यंत मनगट टिकत नाही.

एस मापाची ग्रिप मिळाली, पण तीही कारखान्यातून आली तशी कुणाच्याच हातात अचूक बसत नाही. ती घडवावी लागते. मी एम-सीलने अंगठ्याखालची जागा भरली, ओलं असतानाच हातावर पातळ प्लास्टिक लावून पकडून ठेवलं आणि ठसा घेतला. सुकल्यावर कानस आणि पॉलिश पेपर. तर्जनीच्या बाजूचं लाकूड थोडं घासून काढलं, बोट ग्रिपला कुठेही न घासता ट्रिगरपर्यंत मोकळं जाईल इतकं. तळहाताखालची पट्टी, म्हणजे पाम शेल्फ, नुसता आधार देईल एवढीच वर घेतली. घट्ट आवळली की हात थरथरतो. स्पर्धेचे नियमही लक्षात ठेवा: ग्रिप हाताला वेढून घेणारी नको, मनगट पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे, आणि पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे. उत्साहात पुट्टी थापणाऱ्यांचं पिस्तूल उपकरण तपासणीत अडकतं ते इथेच. हे काम एका रविवारी संपत नाही. दिवाळीपर्यंत मी थोडं भरत आणि थोडं घासत होते, आणि त्या काळातले गुण कशातच धरू नयेत.

ग्रिप बसल्यावर साइटकडे वळले. एलपी १०च्या मागच्या साइटची खाच स्क्रूने रुंद-अरुंद करता येते, आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना हे वरदान आहे. मला आता पुढची साइट स्पष्ट हवी असेल तर टार्गेट धूसर दिसतं, आणि तसंच दिसायला हवं. खाच रुंद केल्यावर पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या पट्ट्या ठळक दिसायला लागल्या आणि त्या समान ठेवणं सोपं झालं. हे का महत्त्वाचं, त्याचा हिशेब करून बघा. दोन साइटमधलं अंतर ३३ सेंमी धरलं आणि पुढची साइट खाचेत १ मिमी सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिमी सरकतो. पिस्तूल टार्गेटची कडी (एका गुणाची पट्टी) ८ मिमीची, म्हणजे जवळपास चार कडी गेल्या. उलट साइट एका रेषेत आहेत आणि सगळा हातच १ मिमी हलला, तर कागदावरही १ मिमीच. हात हलतोच, सगळ्यांचा हलतो. त्यामुळे नजर काळ्या वर्तुळावर नको, पुढच्या साइटवर हवी. नेम मी काळ्याच्या खाली पांढऱ्यात धरते. चष्मा करायचा असेल तर ऑप्टिशियनकडे पिस्तूल नेण्याची गरज नाही. हात ताणून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर मोजून न्या आणि त्या अंतराचा नंबर मागा.

ट्रिगर: नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम, आणि तपासणीत त्या वजनाचं मापच ट्रिगरला लटकवतात. मी ५३० च्या आसपास ठेवलाय. उन्हाळा-पावसाळ्यात सेटिंग किंचित सरकलं तरी नापास व्हायची भीती नाही. बहुतेक वजन ट्रिगर ओढण्याच्या पहिल्या टप्प्यात आणि थोडं दुसऱ्यात, अशी विभागणी मला मानवली. एकदा लावलं की महिनोन्‌महिने हात लावू नका.

आणि ड्राय फायर. एलपी १०मध्ये हवा न सोडता ट्रिगरचा सराव करायची सोय आहे, आणि खरं शूटिंग मी तिथेच शिकले. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या रिकाम्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, टार्गेट न लावता, फक्त साइट बघत ट्रिगर ओढायचा. भिंतीवर बघायला काही नसल्यामुळे नजर साइटवरून पळत नाही. नंतर ५ मीटरवर जवळपास ३० मिमीचं काळं वर्तुळ चिकटवलं. खरं वर्तुळ ५९.५ मिमीचं असतं, त्यामुळे निम्म्या अंतरावर ते तेवढंच दिसतं. पॅरिसमध्ये स्वप्निल कुसळेने ब्राँझ जिंकल्यापासून रेंजवर पोरांची गर्दी वाढलीय आणि संध्याकाळी लेन मिळायला थांबावं लागतं. याचा मला मनापासून आनंद आहे. भिंत मात्र रोज मोकळी असते.

हवेबद्दल नाशिकच्या हवामानात दोन गोष्टी पाहिल्या. पावसाळ्यात दमट हवा भरली की पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरमध्ये ओल जाते, म्हणून मी कोरडी, फिल्टर केलेली हवा रेंजवरच्या मोठ्या सिलिंडरमधूनच भरते. हातपंप घेतला नाही. स्क्रूंना बंदुकीच्या तेलाचा पुसट हात आणि पेटीत सिलिका जेल, एवढ्याने गंज लागला नाही. एप्रिलमध्ये भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवू नका. २५ अंशाला २०० बार असलेली हवा ६० अंशाला सव्वादोनशेच्या जवळ जाते. सील हा झिजणाराच भाग, कुठल्याही हवेच्या पिस्तुलात. जोडीचे ओ-रिंग (रबरी सील) आधीच घेऊन ठेवा.

छर्रे सात-साडेसात ग्रेन वजनाचे, सपाट डोक्याचे मॅच. आरडब्ल्यूएस आर १० आणि एच अँड एन फिनाले मॅच दोन्ही वापरले, माझ्या हातात फरक नाही. कागदावरचे माझे गट (छिद्रांचे पुंजके) अजून हाताच्या हलण्याने ठरतात. डब्यात दबलेले छर्रे बाजूला काढते आणि सरावानंतर हात साबणाने धुते, शिसं आहे ते.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी सिलिंडरवरची तारीख वाचावी. स्पर्धेत सिलिंडर उत्पादकाच्या मुदतीत असावा लागतो आणि ती मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. मला सुरुवातीला एकाने दाखवलेलं पिस्तूल दिसायला चकचकीत होतं, दोन्ही सिलिंडर मुदतीबाहेरचे. नव्यांची किंमत धरली तर सौदा महागात जात होता. दुसरं, सिलिंडर भरून रात्रभर ठेवायला सांगा आणि सकाळी गेज बघा. तिसरं, मूळ बिल मागा. परवाना लागत नसला तरी हे पिस्तूल लांबून खऱ्यासारखंच दिसतं, त्यामुळे ते कायम बंद पेटीत, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून नारिंगी सेफ्टी फ्लॅग घालून, बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र सोबत ठेवूनच न्यायचं. सिटीलिंकच्या बसमध्ये पेटी उघडून मैत्रिणीला दाखवायची वस्तू नाही ही.

कुणी हे घेऊ नये? ज्याला रेंजवर आठवड्यातून एकदाही जमणार नाही त्याने क्लबचंच पिस्तूल वापरावं. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींसाठी हलकं पिस्तूल बघावं, किलोच्या आसपासचं वजन एका हातावर त्यांच्या खांद्याला झेपत नाही. बाकीच्यांनी विकत घेण्याआधी किमान दोन-तीन प्रकारच्या ग्रिप हातात धरून, डोळे मिटून-उघडून बघाव्यात. आमच्या रेंजवर शनिवारी सकाळी बरेच जण आपलं पिस्तूल आनंदाने हातात देतात, माझं एलपी १० सुद्धा.