मुलांचं स्थलांतर शिकवताना: वर्गवाचन की लेखकभेट?

ऊसतोडीला आईबापांमागे निघालेलं बीडकडचं मूल दिवाळीच्या सुमारास शाळेतून जातं, ते थेट मार्च-एप्रिलात परततं. मुंबईतल्या सातवीला हे उमजायचं तर लेखकाला शाळेत बोलावण्यापेक्षा अशा मुलांवरच्या पुस्तकाचं वर्गवाचन उजवं. 35 मिनिटांच्या तासाला दोन-तीन पानं पुरे. चौघांत एक प्रत, नकाशावर गाव ते उसाचा फड हा रस्ता आणि एकच प्रश्न: आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकते का? (2009 चा शिक्षण हक्क कायदा ‘नाही’ म्हणतो.)

लेखकभेटीत रंगत जास्त, पण सभागृहात तीनशे मुलं कोंबली की हात वर करणारे नेहमीचेच चार, आणि प्रश्न ‘तुम्हाला सुचतं कसं?’ आधी वाचन झालेलं असेल, प्रश्न चिठ्ठ्यांवर घेतले असतील, तर एका वर्गापुरती भेट जरूर ठेवा. वर्गातल्या स्थलांतरित मुलाला मात्र ‘तू सांग’ म्हणून उभं करू नका.