‘कमर्शियल लायसन्स’ म्हणून माझ्याकडून उकळलेले २,३६० रुपये

‘चायनीज खेळणं घेतलंस आणि वर बोंबलतोस’ असं म्हणणाऱ्यांनी पुढं वाचू नका. एकूण ९,३०९ रुपये गेले. हँडहेल्डचे (हातात धरून गेम खेळायचं यंत्र) ६,४९९, ‘आर्केड लायसन्स’चे २,३६०, आणि माल परत न्यायला येतो म्हणून घेतलेले ४५०. मी नवखाही नाही. कॉलेजात सोनीच्या पीएसपीवर सीपीएस१पीएसपी, एमव्हीएसपीएसपी असले होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेले, एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम) स्वतः टाकून खेळलोय. रोमसेट (गेमच्या फाइलींचा संच) म्हणजे काय, बायोस (मशीन सुरू करणारी मूळ फाइल) कशाला लागतो, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

जाहिरात इन्स्टाग्रामवर दिसली. एकाच यंत्राची दोन मॉडेलं: ‘होमब्रू एडिशन’ स्वस्त, हौशी पोरांनी जुळवलेली, बंद पडली तर तुमचं नशीब, आणि ‘कमर्शियल एडिशन’, गेम कंपन्यांची रीतसर परवानगी, १२८ जीबी कार्ड, १५,००० गेम. आता सांगा, यात संशय घेण्यासारखं काय? परवाना घेऊन जुने आर्केड गेम, म्हणजे दुकानात कॉइन टाकून खेळायचे ते, विकणारे खरोखरच आहेत. हॅमस्टर कंपनीची आर्केड आर्काइव्ह्ज आहे, कॅपकॉम कंपनीचं २०२१ चं आर्केड स्टेडियम आहे, एव्हरकेड नावाच्या यंत्राची कार्ट्रिज आहेत. तसंच काही कुणी इकडे आणलं असेल असं मला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

पण गेमच्या यादीत पहिलंच नाव होतं मुस्तफा.

हे आठवलं की अजून कपाळात तिडीक जाते. ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉम, १९९३. आपल्याकडे त्या नावानं तो कुणी कधी मागितला नाही, मुस्तफाच म्हणायचं. गेम कॉमिकवर बेतलेला, त्यामुळे हक्क एकट्या कॅपकॉमचे नाहीत, आणि म्हणूनच आर्केडच्या मशीनबाहेर तो अधिकृतपणे कधी आलाच नाही. २०१८ साली कॅपकॉमनं मारामारीच्या सात गेमचं बंडल काढलं. फायनल फाइट होता, कॅप्टन कमांडो होता, वॉरियर्स ऑफ फेट होता, मुस्तफा नव्हता. जो गेम खुद्द कॅपकॉम विकत नाही, तो ‘परवान्यासकट’ हा बाबा कुठून देणार होता? बरं, हे मला माहीत होतं! मित्रांच्या ग्रुपवर याच मुद्द्यावर मी हुज्जत घातलेली आहे. पण ते नाव दिसलं आणि डोळ्यांपुढं आलं बसस्टँडमागचं गेमचं दुकान, रुपयाचा कॉइन, मागं उभं राहून ‘मार, मार’ म्हणणारी पोरं. त्या हरामखोरानं ते नाव पहिलं ठेवलंच होतं त्यासाठी.

कमर्शियल एडिशन मागवली. डबा आला. पाच-सहाशे गेम, तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा. निओजिओ या जुन्या आर्केड मशीनचा एकही गेम चालेना, काळा पडदा. विचारलं तर म्हणे, ‘सर, कमर्शियल आर्केडची की वेगळी घ्यावी लागते. २,००० अधिक १८ टक्के जीएसटी.’ घरात पोरगं डोक्यावर बसलेलं, शनिवारची रात्र. भरले. बिलही आलं, त्यावरचा जीएसटी नंबर १३ अक्षरांचा. असतो १५ चा. मोजून बघत जा, आणि जीएसटीच्या साइटवर टाकून बघा, पैसे भरायच्या आधी.

आणि ती ‘की’ काय निघाली? निओजिओ.झिप. बायोसची फाइल! आत मेनू खरवडून पाहिला तर रेट्रोआर्च आणि एफबीनिओ, एम्युलेशनचे दोन्ही फुकट मिळणारे प्रोग्राम. त्यातही गंमत अशी की एफबीनिओच्या परवान्यातच लिहिलंय, व्यापारी वापर करायचा नाही. म्हणजे जे विकायलाच बंदी आहे, ते मला ‘कमर्शियल’ म्हणून विकलं. कार्ड एचटूटेस्टडब्ल्यूनं (कार्डात खरी जागा किती ते मोजणारा प्रोग्राम) तपासलं तर १२८ जीबीचं खरं निघालं ३२. असलं कार्ड आलं की आधी हे तपासा, गेम नंतर.

४५० घेतल्यावर मी ब्लॉक.

पोलीस ठाण्यात साहेबांनी यंत्र हातात घेतलं, दोन बटणं दाबली, म्हणाले, ‘चालतंय की. वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ लायसन्सचं सांगितलं तर म्हणे, ‘म्हणजे गेम चोरीचे आहेत? मग चोरीचा माल घेतला कुणी?’ तक्रारदार मी, आणि घाम मला! बँकेत उत्तर ठरलेलं: पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार यशस्वी. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात कारकुनानं विरुद्ध पक्षाचा पत्ता मागितला. अहो, पत्ता असता तर मी इथं आलो असतो का? कुरिअरच्या चिठ्ठीवर परराज्यातल्या गोदामाचा गाळा नंबर, फोन बंद. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. हे त्यांनी मला सांगायचं, तर मी त्यांना सांगितलं. त्यावर ‘जेवणाच्या सुट्टीनंतर या’. त्या यंत्रावर खेळणाऱ्या साहेबांनी निदान मुस्तफा ओळखला, एवढंच काय ते सहकार्य.

डबा उघडताना व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा; माझ्याकडे नव्हता आणि तिथंच सगळे अडवतात. चॅटचे स्क्रीनशॉट ब्लॉक व्हायच्या आधी घ्या. यूपीआयनं पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, ठाण्यात तो असल्याशिवाय कुणी वर बघत नाही. आणि तेच फोटो लावून नव्या नावाचं पान सुरू झालंय. किंमत आता ५,९९९. ‘लायसन्स की’चं नाव ‘प्रीमियम पॅक’ केलंय. यादीत पहिला अजूनही मुस्तफाच.