जीएमडी क्षेपणास्त्र कवच: हल्ला किती छोटा, यावर सगळं अवलंबून

आंतरखंडीय क्षेपणास्त्रं वाटेतच अडवणाऱ्या अमेरिकेच्या 'ग्राउंड-बेस्ड मिडकोर्स डिफेन्स' म्हणजे जीएमडीची, छोटी रॉकेटं अडवणाऱ्या इस्रायलच्या आयर्न डोमशी तुलना करू नये. आयर्न डोमच्या हातून एखादं रॉकेट निसटलं तर फार तर एखादी इमारत पडते. जीएमडीच्या हातून निसटलं तर शहर जातं. त्यामुळे 'बहुतेक अडवली' हा शेरा इथे कामाचा नाही.

एकूण इंटरसेप्टर, म्हणजे अडवायला सोडायची क्षेपणास्त्रं, ४४. त्यांतले ४० अलास्कातल्या फोर्ट ग्रीलीला, ४ कॅलिफोर्नियात व्हॅन्डनबर्गला. इंटरसेप्टरचं रॉकेट, म्हणजे बूस्टर, साधारण ६४ किलोचं 'किल व्हेईकल' वातावरणाबाहेर नेऊन सोडतो. त्यात स्फोटकं नाहीत. इन्फ्रारेड संवेदकाने लक्ष्य हेरायचं, छोट्या थ्रस्टरनी दिशा सुधारायची आणि सेकंदाला दहाएक किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने वॉरहेडवर, म्हणजे शत्रूच्या क्षेपणास्त्राने आणलेल्या अण्वस्त्रावर, आदळायचं. आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा प्रवासच जेमतेम अर्ध्या तासाचा, त्यात रडारने माग काढण्यापासून आदळण्यापर्यंत सगळं उरकायचं.

२०१७ मध्ये आंतरखंडीय पल्ल्याचं लक्ष्य पहिल्यांदा टिपलं, २०१९ मध्ये दोन इंटरसेप्टर पाठोपाठ सोडून तेच पुन्हा करून दाखवलं. पण आजवरच्या एकूण चाचण्यांत यश निम्म्याहून थोडंच जास्त, आणि त्याही आधी आखून ठेवलेल्या. डिसेंबर २०१० मध्ये किल व्हेईकलच्या मार्गदर्शन यंत्रणेला थ्रस्टरच्या कंपनांनी दगा दिला. जुलै २०१३ मध्ये ते बूस्टरपासून सुटलंच नाही. खटकतं ते वेगळंच: २०१० मध्ये फसलेल्या त्या नव्या बनावटीचे इंटरसेप्टर तेव्हा सायलोत, म्हणजे डागण्यासाठीच्या भूमिगत विहिरींत, बसवलेलेही होते. तिला पहिलं यश मिळालं जून २०१४ मध्ये.

आता हिशेब. एका इंटरसेप्टरची खात्री ५० टक्के धरली आणि एका वॉरहेडवर चार सोडले, तर ते अडण्याची शक्यता ९४ टक्के. ऐकायला छान. पण वॉरहेड दहा आली तर चाळीस इंटरसेप्टर संपतात आणि दहाच्या दहा अडण्याची शक्यता ५२ टक्क्यांवर येते, म्हणजे जवळपास छापा-काटा. हेही प्रत्येक अपयश स्वतंत्र असेल तरच. चारही इंटरसेप्टरमध्ये कंपनासारखा एकच दोष दडलेला असेल, तर चौथा सोडून काही साधत नाही.

खरी अडचण मात्र हुलकावणीची. निर्वात अवकाशात हवेचा रोध नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला हलका फुगा आणि जड वॉरहेड एकाच वेगाने जातात. शत्रू वॉरहेडही तसल्याच फुग्यात घालू शकतो, फुग्यात छोटा हीटर ठेवून तापमान जुळवू शकतो. मग संवेदकाला दिसतात एकसारखे ठिपके. हवेत शिरल्यावर फुगे मागे पडतात, पण जीएमडीची गाठ त्याआधीच, वातावरणाबाहेर पडलेली असते.

उत्तर कोरियाकडून एखाद-दुसरं साधं क्षेपणास्त्र आलं, तर हे कवच असणं नसण्यापेक्षा नक्की बरं. रशिया आणि चीनच्या मोठ्या हल्ल्यासाठी ते नाहीच. तिथे भिस्त प्रतिहल्ल्याच्या धाकावर, हे जानेवारी २०२५ पर्यंत अमेरिकेचं जाहीर धोरण होतं. शिवाय कवचाचा उलटा खर्चही धरावा लागतो. २००२ मध्ये अमेरिका अशा कवचांवर मर्यादा घालणाऱ्या, रशियासोबतच्या एबीएम करारातून बाहेर पडली आणि २०१८ मध्ये तेच कारण पुढे करून पुतिन यांनी कवचाला चकवणारी अवांगार्दसारखी अस्त्रं जाहीर केली.

नव्या 'नेक्स्ट जनरेशन इंटरसेप्टर'साठी एप्रिल २०२४ मध्ये लॉकहीड मार्टिनची निवड झाली. तो आला की यशाचा आकडा नको, चाचणीचा तपशील बघा: फुगे किती होते, वॉरहेडशी किती मिळतेजुळते होते, आणि ते कसे दिसतील हे चमूला आधी ठाऊक होतं का.