पी०४२० कोड आणि माझ्या पिकअपचा गायब झालेला कन्व्हर्टर

जुनी पेट्रोल पिकअप चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०४२० आला आणि समोरच्याने लगेच "कॅट गेला, बदलावा लागेल" असं सांगितलं, तर किल्ली त्याच्या हातात देण्याआधी एवढं वाचा. माझ्या गाडीचा मूळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (हाच 'कॅट', एक्झॉस्टच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) गेला, त्याच्या जागी हलक्या प्रतीचं काहीतरी बसवलं गेलं, कधीच न बदललेल्या सेन्सरचे पैसे माझ्याकडून घेतले गेले आणि ज्या बिघाडामुळे दिवा लागला होता तो जागच्या जागी राहिला.

गाडी वीस वर्षांहून जुनी, व्ही-सिक्स इंजिनाची. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की एका बाजूने टिक-टिक असा आवाज यायचा आणि इंजिन तापलं की तो बंद व्हायचा. दिवा लागल्यावर गॅरेजमध्ये नेली तेव्हा हा आवाज मी आवर्जून सांगितला होता. मेकॅनिक म्हणाला, "जुन्या गाडीत असे आवाज येतातच." त्याने स्कॅनर लावला, कोड वाचला आणि स्कॅनर काढून ठेवला. बॉनेट उघडलं नाही, गाडी लिफ्टवर घेतली नाही. हे निदान नव्हतं, ही विक्री होती. फसवणुकीची सुरुवात इथेच झाली.

कारण पी०४२० हा कोड कुठल्याही सुट्या भागाचं नाव सांगत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की पहिल्या बँकेच्या, म्हणजे एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेपेक्षा कमी दिसते आहे. दुसऱ्या बाजूसाठी पी०४३० असतो. 'दिसते आहे' हे नीट लक्षात घ्या. गाडीतला कॉम्प्युटर कन्व्हर्टरच्या आत डोकावून पाहत नाही. त्याच्याकडे प्रत्येक बाजूला दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. माझ्यासारख्या जुन्या गाड्यांत पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली होत असतं, कारण इंजिन मिश्रण क्षणात थोडं जास्त पेट्रोलचं, क्षणात थोडं कमी पेट्रोलचं करत राहतं. कन्व्हर्टरच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंबरोबर सिरियम ऑक्साइडही असतं. ते जास्तीचा ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तेव्हा सोडतं. त्यामुळे चांगल्या कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळपास स्थिर राहतो. साठवण्याची ताकद संपली की मागचा सेन्सरही पुढच्याची नक्कल करत वर-खाली होऊ लागतो. कॉम्प्युटर या दोन रेषांची तुलना करतो आणि त्यावरून कोड देतो.

आता या तुलनेत गडबड करणाऱ्या गोष्टी किती आहेत पाहा. एक्झॉस्टच्या जोडात गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर चुकीचं वाचतो. एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नसेल, तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली सिरॅमिकची जाळी वितळेपर्यंत तापू शकते. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस जाळीवर थर धरतो. हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तरी तसंच. म्हणजे कन्व्हर्टर खरोखर मेलेला असला तरी त्याला मारणारं कारण बहुतेक वेळा इंजिनाकडे असतं, आणि ते शोधलं नाही तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो. यातली एकही गोष्ट माझ्या गाडीत तपासली गेली नाही.

गाडी परत मिळाली तेव्हा दिवा विझलेला होता. जुना कन्व्हर्टर कुठे आहे विचारलं तर "तो भंगारात गेला" असं उत्तर आलं. या भंगाराबद्दल सगळ्यांना माहीत असायला हवं. गाडीसोबत कंपनीतून आलेल्या मूळ कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातूंचं प्रमाण स्वस्त बदली कन्व्हर्टरपेक्षा बरंच जास्त असतं. बहुतेक मूळ कन्व्हर्टरच्या कवचावर छापील क्रमांक असतो आणि भंगार विकत घेणारे त्या क्रमांकावरून भाव ठरवतात. पिकअप जमिनीपासून उंच असल्यामुळे तिच्याखाली शिरून कन्व्हर्टर कापून नेणाऱ्या चोरांबद्दल आपण ऐकतो. गॅरेजमध्ये तोच माल ग्राहक स्वतःच्या पायांनी आणून देतो, वर मजुरीही मोजतो. माझा जुना कन्व्हर्टर खरंच निकामी होता की गळतीमुळे तसा दिसत होता, हे तपासायचा पुरावाच त्या दिवशी हातातून गेला.

काही आठवड्यांनी दिवा पुन्हा लागला. कोड तोच. इतके दिवस तो का लागला नाही, तर स्कॅनरने कोड पुसला की कॉम्प्युटरची स्वतःची तपासणी शून्यावर येते. कन्व्हर्टरची चाचणी पुन्हा पूर्ण व्हायला इंजिन पुरेसं तापलेलं असावं लागतं, ठरावीक वेगाने काही वेळ सलग चालावं लागतं, आणि बहुतेक गाड्यांत सलग दोन फेऱ्यांमध्ये चाचणी नापास झाली तरच दिवा लागतो. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत याला खूप दिवस लागू शकतात. हा मधला काळ लबाड मेकॅनिकच्या फार कामाचा असतो. दिवा विझवायला सुटा भाग लागत नाही, स्कॅनरवरचं एक बटण पुरतं. कोडबरोबर साठवलेली फ्रीझ फ्रेमही त्याच बटणाने पुसली जाते, म्हणजे कोड आला त्या क्षणी इंजिनाचा वेग, भार, तापमान, पेट्रोलच्या प्रमाणातली दुरुस्ती काय होती ही नोंदही गेली.

दुसऱ्या खेपेला त्याने सांगितलं, "कन्व्हर्टर नवीन आहे, आता मागचा सेन्सर खराब दिसतोय." तेव्हा हे पटण्यासारखं वाटत होतं. आज माहीत आहे की ते पहिल्या शब्दापासून खोटं होतं. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला की तो मंद होतो, त्याची रेषा सपाट व्हायला लागते. मागच्या सेन्सरची सपाट रेषा कॉम्प्युटरला काय सांगते? कन्व्हर्टर उत्तम आहे. म्हणजे थकलेला मागचा सेन्सर पी०४२० आणण्यापेक्षा तो लपवण्याची शक्यता जास्त. वायर तुटली किंवा हीटर जळला तर त्याचे वेगळे कोड येतात. पी०४२० आला म्हणून आधी मागचा सेन्सर बदला असं कोणी म्हणालं, तर त्याने कारण लाइव्ह डेटावर, म्हणजे स्कॅनरवर दिसणाऱ्या चालू इंजिनाच्या आकड्यांवर, दाखवलं पाहिजे.

"सेन्सर बदलल्यानंतर" दिवा गेला तो गेलाच, पुन्हा लागला नाही. टिक-टिक मात्र वाढत गेली आणि पेट्रोल जास्त लागू लागलं. शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिककडे फक्त त्या आवाजासाठी गेलो. त्या माणसाने गाडी लिफ्टवर घेतली आणि खालूनच मला हाक मारली. मागचा सेन्सर पाइपात बसलेलाच नव्हता. पाइपाच्या भोकात एक लांब पोकळ स्पेसर घट्ट केला होता आणि सेन्सर त्या स्पेसरच्या टोकाला होता, मुख्य धुराच्या प्रवाहापासून दूर. हे म्हणजे साक्षीदाराला खोलीबाहेर बसवायचं आणि आत काय झालं ते त्यालाच विचारायचं. स्पेसरच्या बारीक भोकातून वायू हळूहळू पोचतो, वर-खाली होणं दबतं, रेषा सपाट दिसते आणि कॉम्प्युटर समाधानी राहतो. सेन्सरही जुनाच होता. त्याच्या षटकोनी भागावर जुना गंज, वायरवर वर्षानुवर्षांची मळी. अनेक देशांत प्रदूषण-नियंत्रण यंत्रणेत असा फेरफार करणं बेकायदा आहे, आणि तपासणीत सापडलं तर उत्तर गाडीच्या मालकालाच द्यावं लागतं.

कन्व्हर्टरच्या कवचावर उत्पादकाचं नाव, क्रमांक, प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण, काहीच नव्हतं. मूळच्यापेक्षा तो आकारानेही लहान होता.

मग त्याने जे केलं ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. आधी थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डजवळ, म्हणजे सिलिंडरांमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांजवळ, कान दिला. सगळ्यात मागच्या सिलिंडरपाशी मॅनिफोल्ड घट्ट धरणारा एक स्टड (बोल्ट) तुटलेला होता आणि गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा पट्टा होता. जुन्या पिकअपमध्ये हे नेहमीचं दुखणं आहे. धातू तापून फुगला की फट मिटते म्हणून आवाज जातो. नंतर लाइव्ह डेटात दोन्ही बँकांचे फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते आकडे, शेजारी शेजारी लावले. दुसऱ्या बँकेचा दीर्घकालीन ट्रिम अधिक ३ टक्के, पहिल्या बँकेचा अधिक १४. इंजिन एक, पेट्रोल एक, हवेचा सेन्सर एक, तरी फरक फक्त एका बाजूला. गळतीतून ओढली गेलेली हवा पुढच्या सेन्सरला ऑक्सिजन म्हणून दिसत होती, कॉम्प्युटरला वाटत होतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो त्या बाजूला जास्तीचं पेट्रोल ओतत होता. वाढलेल्या खर्चाचं कारण तिथे होतं, आणि कन्व्हर्टरवर पडणाऱ्या भाराचंही. ही तुलना करायला कसलंही खास यंत्र लागत नाही. पहिल्या गॅरेजवाल्याच्या हातातल्या स्कॅनरवर हेच आकडे होते, त्याला फक्त पान पुढे सरकवायचं होतं.

स्टड काढून नवा बसवला, गॅस्केट बदललं, स्पेसर काढून सेन्सर मूळ जागी लावला. इंजिन पूर्ण तापवून २,५०० आरपीएमवर काही वेळ धरलं तर मागच्या सेन्सरची रेषा पुढच्या सेन्सरच्या रेषेबरोबर नाचत होती. गळती बंद होऊनही नाचत होती, म्हणजे तो बिनानावाचा कन्व्हर्टर कामाचा नव्हता हे सिद्ध झालं. सेन्सर जिवंत आहे का हेही त्याने ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून आणि सोडून पाहिलं. दाबताना व्होल्टेज वर गेलं, सोडल्यावर जवळजवळ शून्यावर आलं, म्हणजे सेन्सर ठणठणीत. त्यानंतरच नवा कन्व्हर्टर घ्यायचा निर्णय झाला. तो गाडीच्या मॉडेलसाठी ठरवलेला, शिक्का असलेला. आता मागचा सेन्सर ०.६५ व्होल्टच्या आसपास शांत असतो आणि पहिल्या बँकेचा ट्रिम दुसऱ्या बँकेच्या बरोबरीला आला आहे.

इन्फ्रारेड थर्मामीटरबद्दल एक सांगतो, कारण त्याचाही वापर विक्रीसाठी होतो. कन्व्हर्टरच्या आधीचं आणि नंतरचं तापमान मोजून "बघा, मागे गरम नाही, म्हणजे मेला" असं दाखवतात. मिश्रण नीट जळत असेल तर कन्व्हर्टरला जाळायला फारसं काही उरतच नाही आणि चांगल्या कन्व्हर्टरमध्येही फरक थोडाच दिसतो. त्या एका मापावर निर्णय घेऊ देऊ नका. तसंच "कन्व्हर्टर तुंबलाय" हे वेगळं दुखणं आहे. ते पुढच्या सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावून मोजता येतं, आणि पी०४२० त्याबद्दल काहीच सांगत नाही.

पहिल्या गॅरेजला मी फोटोंसह लेखी तक्रार दिली. सेन्सरचे पैसे परत मिळाले, कारण बिलावर नवा सेन्सर होता आणि गाडीत जुना, हे त्यांना नाकारता येईना. स्पेसरबद्दल "असं सगळेच करतात" असं उत्तर मिळालं. हे उत्तर मला फसवणुकीपेक्षा जास्त लागलं, कारण ते बहुधा खरं असावं. मूळ कन्व्हर्टर मिळाला नाही.

तुम्हाला गाडी द्यायचीच असेल तर कामाच्या कागदावर आधीच तीन ओळी लिहून घ्या. काढलेला प्रत्येक भाग मला परत द्यायचा. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा आणि दोन्ही बँकांच्या ट्रिमचा फोटो द्यायचा. कामानंतर कन्व्हर्टरची चाचणी पूर्ण झाल्याचं स्कॅनरवर दाखवायचं. प्रामाणिक मेकॅनिकला यातलं काहीही जड जात नाही. माझ्या नव्या मेकॅनिकने तर न मागता दाखवलं. आणि देण्याआधी गाडीखाली वाकून कन्व्हर्टरच्या क्रमांकाचा फोटो स्वतः काढून ठेवा.

ज्यांच्या गाडीचं काम आधीच झालंय, त्यांनी ब्लूटूथवर चालणारा साधा स्कॅनर लावून रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या कोणत्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या ते दाखवणारं, पान उघडावं. अमेरिकेत १९९६ पासून विकलेल्या आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांत ही व्यवस्था असते. कॅटॅलिस्टसमोर 'अपूर्ण' असं दिसत असेल तर तुमचा विझलेला दिवा अजून काहीच सांगत नाहीये. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून गाडी किती चालली तोही आकडा मिळतो, तो बिलावरच्या तारखेशी ताडून पाहा. 'पूर्ण' दिसत असेल तरी इंजिन गार असताना एकदा गाडीखाली पाहा, मागचा सेन्सर थेट पाइपात बसलाय की मध्ये एखादी लोखंडी नळी आहे.