२५ हजारांत पहिला लॅपटॉप: कोरा घ्यावा की कंपनीतला जुना?

बजेट वीस ते पंचवीस हजार. काम म्हणजे परीक्षांचे फॉर्म, ऑनलाइन लेक्चर, थोडं वर्ड-एक्सेल, यूट्यूब आणि घरची बिलं. एवढ्या पैशांत खरे रस्ते दोनच. एक, शोरूममधला सीलबंद: सेलेरॉन किंवा त्याच पंगतीतला प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ किंवा १२८ जीबी साठवण. दुसरा, रिफर्बिश्ड, म्हणजे मोठ्या कंपन्या काही वर्षं वापरून लॉटने काढून टाकतात ते लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. क्रोमबुकही (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारं) या किमतीत मिळतं आणि ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं त्याला ते पुरेल, पण टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन पुढेमागे लागणार असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

आमच्या घरात दोन्ही आहेत. कोरा माझ्या मेव्हण्याने भाचीला, म्हणजे माझ्या मुलीला, कॉलेजसाठी घेऊन दिलेला. जुना मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला थिंकपॅड टी४८०. तेव्हा पुढचं मत वापरातून आलेलं आहे, घड्याळ लावून मोजलेलं नाही.

कोऱ्याचं चांगलं आधी सांगतो. तो हलका आहे, पंखा नसल्यामुळे आवाज अजिबात नाही, आणि बॅटरी नवी असल्याने कॉलेजात चार्जर न्यावा लागत नाही. वर्षाची कंपनी वॉरंटी असते. घरातल्या मोठ्यांना 'सेकंडहँड' म्हटलं की जे पोटात दुखतं, तेही दुखत नाही. एका वेळी एकच काम केलं तर तक्रारीला जागा नाही. लेक्चर लावा, लेक्चर चालतं.

फॉर्म भरायला बसलं की मात्र तो उघडा पडतो. एका टॅबमध्ये अर्ज, दुसऱ्यात ओटीपीसाठी मेल, तिसऱ्यात फोटो लहान करून देणारी साइट (बँकांच्या आयबीपीएस परीक्षेला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबीच लागते), शिवाय मार्कशीटची पीडीएफ उघडी. मुलगी फोटोच्या टॅबवर क्लिक करते आणि पांढरं पान बघत बसते. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्के. फोटो लहान होऊन अर्जावर परत येईपर्यंत तिथे 'सेशन एक्सपायर्ड' झळकत असतं. की पुन्हा लॉगिन, पुन्हा कॅप्चा, पुन्हा जात प्रमाणपत्राचा क्रमांक. शेवटच्या तारखेच्या रात्री तर पोर्टल स्वतःच रखडलेलं असतं. त्यात लॅपटॉपही रखडला की घरातलं वातावरण काय होतं ते वेगळं सांगायला नको. हल्ली ती फॉर्म भरायला माझा थिंकपॅड मागते.

याचं कारण साधं आहे. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण ही आहे, आणि सगळ्यात स्वस्त कोरे लॅपटॉप नेमके त्या उंबऱ्यावर उभे असतात. रॅमचा बराच भाग विंडोजच खातं. उरलेली क्रोमने संपवली की विंडोज साठवणीतली जागा मेमरी म्हणून वापरायला लागतं, आणि यांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती साठवण ईएमएमसी असते, एसएसडीच्या मानाने फारच मंद. बरं, रॅम वाढवून घेऊ म्हणून दुकानात नेला, तर दुकानदाराने मागचं झाकण काढून दाखवलं: स्लॉटच नाही, रॅम बोर्डावर सोल्डर केलेली. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

टी४८० हा २०१८ चा लॅपटॉप. त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत. लॅटिट्यूड ७४९० आणि एलिटबुक ८४० जी५ मध्येही तसंच. ८ जीबी आणि २५६ जीबी एसएसडीवर वरचा सगळा फॉर्मसोहळा तो निमूटपणे करतो. कीबोर्ड तर असा की मराठी टायपिंग करणाऱ्याने एकदा बोटं ठेवून बघावीच. उणिवाही आहेत. जड आहे, उन्हाळ्यात पंखा ऐकू येतो आणि बॅटरी कोऱ्याच्या निम्मीही टिकत नाही. टी४८० ची एक बॅटरी बाहेरून काढता-घालता येते, तेवढी नवी आणली की बरंच भागतं.

रिफर्बिश्डमध्ये फसायला जागा आहे, हे मात्र खरं. प्रोसेसरचा नंबर वाचून घ्या. आय५-८२५०यू किंवा ८३५०यू असा आठने सुरू होणारा, म्हणजे इंटेलच्या आठव्या पिढीचा हवा. सातव्या पिढीचे दोन-तीन हजारांनी स्वस्त सांगतात, पण विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टी४८० काही सातव्या पिढीतही निघाले होते, म्हणून नुसतं मॉडेलचं नाव बघून भागत नाही. स्क्रीन फुल एचडी आहे ना तेही विचारा, कारण याच मॉडेलांत १३६६ बाय ७६८ चे फिकट पॅनेलही आले होते.

आणि दुकानातच, तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, विंडोज रीसेट करून पहिल्यापासून सेटअप करायला लावा. मध्येच एखाद्या अनोळखी कंपनीचं नाव आणि ऑफिसचा ईमेल मागणारा पडदा आला तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या खात्याला बांधलेला आहे. कितीही स्वस्त मिळत असला तरी तो तिथेच ठेवा. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्या. जीएसटी बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या; वॉरंटी दुकानाची असते, म्हणून दुकान जाता-येता गाठता येईल असं निवडा.

गावात असं दुकान जवळ नसेल, किंवा दुपारभर वीज जात असेल आणि बॅटरीवरच काम करायचं असेल, तर मीही कोराच घे म्हणेन. फक्त बजेट थोडं ताणून ८ जीबीचा घ्यावा. 'रॅम नंतर वाढवून देतो' असं दुकानदार म्हणाला तर स्लॉट आहे का ते त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या. एएमडीच्या रायझन ३ ७३२०यू प्रोसेसरवाल्या लॅपटॉपमध्ये, उदाहरणार्थ, रॅम बोर्डावरच असते. आज ८ घेतली की ती ८ च राहणार.